प्रदर्शनाचा विषय आधी ठरावा, छायाचित्रे नंतर

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ऑगस्ट महिना आला की हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या अंकात एकामागून एक येऊ लागतात. १९ ऑगस्ट १८३९ रोजी फ्रेंच सरकारने लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत सर्वांसाठी खुली केली. त्याची आठवण म्हणून हा दिवस छायाचित्रण दिन मानला जातो आणि अनेक ग्रुप आपले वार्षिक प्रदर्शन त्याच सुमारास भरवतात. या बातम्या ओळीने वाचल्या, तर प्रदर्शनांच्या विषयांची आपसांत अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, असे वाटू लागते. निसर्गाचे रंग, प्रकाश आणि छाया, चेहऱ्यांवरचे भाव, जीवनाचा प्रवास असे चार-सहा विषय आलटून पालटून फिरत असतात. मी अशाच एका ग्रुपचा सभासद आहे आणि आमच्याकडेही सध्या पुढच्या प्रदर्शनाच्या विषयाची चर्चा सुरू आहे. हा प्रश्न एकट्या आमच्या ग्रुपचा नसल्यामुळे तो आपल्या वाचकांपुढे मांडावा, असे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपण विषय निवडतो तो सभासदांकडे आधीच असलेली छायाचित्रे त्यात बसावीत म्हणून. वास्तविक तो अजून न काढलेल्या छायाचित्रांसाठी निवडायला हवा.

विषय ठरवण्याची बैठक कशी चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कोणी एक विषय सुचवतो, क्षणभर शांतता पसरते आणि त्या शांततेत प्रत्येक जण मनातल्या मनात आपली हार्ड डिस्क चाळून घेतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला ‘भरारी’ हा विषय आवडतो, पोर्ट्रेट काढणाऱ्याला ‘नजर’, आणि वर्षातून दोनदा डोंगरात जाणाऱ्याला ‘धुके’. मग मतदान होते. मतदानात सहसा तोच विषय निवडून येतो, ज्याला कोणाचाच विरोध नाही. आणि कोणाचाच विरोध नसतो, याचा अर्थ एवढाच की प्रत्येकाकडे त्यात खपून जाईल अशी एखादी तरी फ्रेम तयार आहे. पुढे भिंतीवर लागतात ती स्पर्धांमधून फिरून आलेली, शिक्के आणि प्रशस्तिपत्रे मिळवलेली, तांत्रिकदृष्ट्या बिनचूक छायाचित्रे. त्यांतले एकेक छायाचित्र चांगले असते, कधी कधी फारच चांगले असते. पण चाळीस चांगली छायाचित्रे शेजारी शेजारी टांगली म्हणजे प्रदर्शन झाले, असे होत नाही, आणि पाहायला आलेला माणूस अर्ध्या तासात ‘छान आहे’ म्हणून अभिप्रायाच्या वहीत सही करून निघून जातो.

विषय मोठा घेतला की सर्वांना सामावून घेता येते, हा युक्तिवाद नेहमी होतो आणि त्याच्या पुष्टीसाठी ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनाचे नाव हमखास घेतले जाते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जानेवारी १९५५मध्ये उघडलेल्या त्या प्रदर्शनाचा विषय खरोखरच सगळ्या मानवजातीएवढा मोठा होता. ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे त्यात होती, पुढे ते जगभर फिरले, ९० लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले आणि आज ते लक्झेम्बर्गमधील क्लेर्व्हो येथील किल्ल्यात कायमस्वरूपी मांडलेले आहे. मात्र त्यामागे संग्रहालयाच्या छायाचित्रण विभागाचे संचालक एडवर्ड स्टायकेन यांनी काही वर्षे खपून केलेली निवड होती, पॉल रुडॉल्फ या वास्तुरचनाकाराने आखलेली मांडणी होती, कुठे तळहाताएवढी प्रिंट तर कुठे भिंतभर मोठे केलेले छायाचित्र, असा पाहणाऱ्याच्या चालीचा केलेला विचार होता. एवढे सगळे असूनही फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी त्यावर घेतलेला आक्षेप आजही खोडून काढणे सोपे नाही: जन्म, श्रम, मृत्यू ही सगळीकडे सारखीच असतात, असे सांगताना कोण कोणत्या परिस्थितीत जन्मतो आणि कशामुळे मरतो, हा सगळा इतिहासच पुसला जातो. जगातल्या उत्तमोत्तम छायाचित्रांतून निवड करण्याची मुभा असलेल्या प्रदर्शनावर जर हा आक्षेप येतो, तर महिन्यातून एकदा भेटणाऱ्या आपल्या ग्रुपने ‘माणूस’ किंवा ‘जीवन’ हा विषय घेऊन नेमके काय सांगायचे?

याउलट १९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये भरलेले ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन पाहा. त्यात सहभागी छायाचित्रकार होते अवघे दहा. विषयाचे क्षेत्र तसे जुनेच, म्हणजे निसर्गदृश्याचे. परंतु प्रदर्शनाचे संयोजक विल्यम जेन्किन्स यांनी त्याला एक अट घातली होती: माणसाने बदललेला भूप्रदेश. त्या एका अटीने भव्य पर्वतशिखरे, सूर्यास्त आणि निर्मनुष्य दऱ्या आपोआप बाहेर राहिल्या, आणि नव्या वसाहती, गोदामे, वाहनतळ, रस्त्याकडेची उपाहारगृहे आत आली. त्या वेळी अनेक प्रेक्षकांना ती छायाचित्रे कोरडी आणि कंटाळवाणी वाटली. पुढच्या काळात मात्र निसर्गदृश्याकडे पाहण्याची रीत बदलणारे प्रदर्शन म्हणून त्याचा उल्लेख होऊ लागला. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की विषय सांगताना तो काय वगळतो, हेही सांगता आले पाहिजे. ज्या विषयातून काहीच वगळले जात नाही, तो प्रदर्शनाचा विषय होऊ शकत नाही, फार तर निमंत्रणपत्रिकेवरची ओळ होऊ शकते.

मोठा विषय नको म्हटल्यावर काही जण एकदम दुसऱ्या टोकाला जातात आणि एखादी वस्तू निवडतात: दरवाजे, खिडक्या, सायकली, जिने. अशा प्रदर्शनात पहिली दहा छायाचित्रे पाहताना मजा येते, विसाव्या दरवाजापाशी पाय रेंगाळेनासे होतात. बर्न्ड आणि हिला बेकर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे अशा रचनांची छायाचित्रे काढण्यात कित्येक दशके घालवली, हे खरे. पण त्यांची पद्धत कमालीची कडक होती. मोठ्या नकारपट्टीचा (निगेटिव्हचा) कॅमेरा, ढगाळ आकाश, सपाट प्रकाश, समोरून आणि शक्य तितक्या सारख्या उंचीवरून घेतलेले दृश्य आणि मग त्या छायाचित्रांची चौकटीत शेजारी शेजारी मांडणी. त्यामुळे दोन टाक्यांमधला फरक दिसू लागतो, आणि तो फरक हाच त्यांच्या कामाचा विषय होता. पस्तीस जणांनी पस्तीस लेन्सने, कोणी पहाटे तर कोणी भर दुपारी काढलेल्या दरवाजांत हे घडत नाही. वस्तूच घ्यायची असेल, तर तिच्याबरोबर नियमही घ्यावा लागेल, आणि तो नियम आपल्या ग्रुपमधले किती जण पाळतील, याविषयी मला शंका आहे. (आमच्याकडे प्रिंटच्या आकाराचा नियमही दर वर्षी एखाद्या अपवादासह पाळला जातो.)

भावनावाचक विषयांबद्दल फार लिहीत नाही. ‘एकांत’ म्हटले की मोठ्या रिकाम्या चौकटीत लहानशी पाठमोरी आकृती येणार, ‘आशा’ म्हटले की काळोखातला कवडसा येणार. छायाचित्राखालची चिठ्ठी काढून टाकली, तर त्याचा विषय ‘एकांत’ आहे की ‘शांतता’ की ‘वार्धक्य’, हे ओळखता येऊ नये, अशी बहुतेकांची स्थिती असते.

मग विषय शोधायचा कसा? मला या बाबतीत रॉय स्ट्रायकर यांची रीत उपयोगी वाटते. १९३५ नंतर अमेरिकी सरकारच्या शेतीविषयक खात्यासाठी ग्रामीण जीवनाचे छायाचित्रण करणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली यांसारखे छायाचित्रकार त्यांच्या हाताखाली काम करत. स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हते. छायाचित्रकार बाहेर पडण्यापूर्वी ते त्यांना प्रश्नांची आणि सूचनांची लेखी यादी देत: लोक संध्याकाळी घरी काय करतात, चार माणसे कुठे जमतात, श्रीमंतांची आणि गरिबांची जमण्याची ठिकाणे वेगळी असतात का. त्यांच्या कारभारात खटकणाऱ्या गोष्टीही होत्या, नापसंत नकारपट्ट्यांना भोक पाडून त्या बाद करण्याची त्यांची सवय तर कुप्रसिद्ध आहे. पण ‘ग्रामीण जीवन’ असे दोन शब्द हातात देण्याऐवजी प्रश्न हातात दिला की छायाचित्रकाराला कुठे जाऊन उभे राहायचे ते कळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या ग्रुपनेही विषय म्हणून नामाऐवजी एखादी क्रिया निवडावी, जी कुठे ना कुठे प्रत्यक्ष घडत असते, जिला सुरुवात आणि शेवट असतो आणि जी पाहण्यासाठी घराबाहेर पडावे लागते किंवा निदान घरातच पुन्हा नीट पाहावे लागते.

असा एक विषय मी आमच्या बैठकीत सुचवला आहे आणि तो इथेही सुचवतो: दुरुस्ती.

पहिल्यांदा ऐकताना हा विषय रुक्ष वाटतो, हे मला मान्य आहे. बैठकीतही दोघे-तिघे हसले. परंतु त्याच्या आत शिरून पाहावे. डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसलेला कारागीर आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलच्या सर्किटला टाका देणारी तरुण मुलगी ही त्याची उघड दिसणारी बाजू झाली. पण रफू केलेल्या कापडाचा जवळून घेतलेला पोत, भिंतीच्या भेगेवर मारलेला आणि मूळ रंगाशी न जुळलेला पुट्टी-रंगाचा पट्टा, रस्त्यावर एकावर एक चढलेली डांबराची ठिगळे, दोऱ्याने बांधून वापरात ठेवलेला चष्मा, शिवणीतून सुटलेल्या आणि पुन्हा बांधल्या जाणाऱ्या पुस्तकाची पाने, हीही दुरुस्तीच आहे. अमूर्त रचना करणाऱ्यांना ठिगळांच्या रंगांत आणि रेषांत वर्षभराचे काम मिळेल. स्टुडिओत काम करणाऱ्यांनी फुटलेली एकच वस्तू घेऊन ती जोडली जाईपर्यंतचा क्रम टिपावा. माणसाचे शरीरही दुरुस्त होत असते: प्लास्टरमधला पाय, व्यायामशाळेत नव्हे तर उपचारकक्षात उचलले जाणारे पहिले वजन, टाके काढल्यानंतरची खूण.

निसर्ग छायाचित्रकारांची पहिली तक्रार असते की अशा विषयांत आम्हाला जागा नाही. ती इथे लागू पडत नाही. पक्षी चोचीने पिसे साफ करतो तेव्हा पिसांच्या सुटलेल्या तंतूंवरचे सूक्ष्म आकडे पुन्हा एकमेकांत अडकवत असतो. उडण्यासाठी आणि ऊब टिकवण्यासाठी त्याला ही डागडुजी रोज करावी लागते. झाडाची फांदी तोडली की त्या जखमेची पेशी पहिल्यासारखी होत नाही, तर झाड इजा झालेला भाग आतून वेगळा पाडते आणि कडेने नवे लाकूड वाढवत ती जागा हळूहळू झाकून घेते. त्या वळ्यांचे किती आकार असतात, हे मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नाही. कोळी फाटलेले जाळे सांधतो किंवा ते खाऊन टाकून नवे विणतो. भरारी घेणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांकडे आहे. पिसे सांधणाऱ्या पक्ष्याचे छायाचित्र आपण बहुधा ‘पक्षी उडत नव्हता’ म्हणून पुसून टाकलेले असते.

या विषयाचे आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे छायाचित्र दुरून, लांब लेन्सने, त्याच्या नकळत काढता येत नाही. त्याच्या कामाच्या जागी जावे लागते, परवानगी घ्यावी लागते, तो काय करतो आहे ते समजून घ्यावे लागते आणि काम संपेपर्यंत थांबावे लागते. ‘श्रम’, ‘वार्धक्य’, ‘दारिद्र्य’ यांसारखे विषय जाहीर झाले की रस्त्यावरच्या माणसांवर लेन्स रोखल्या जातात आणि ज्यांची छायाचित्रे भिंतीवर लागतात, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या विषयात छायाचित्रकार आणि समोरचा माणूस यांचे बोलणे होणे अपरिहार्य आहे. तांत्रिक अंगानेही सभासदांना नवे काही शिकावे लागेल. कामाच्या टेबलावरचा पिवळा दिवा आणि खिडकीतून येणारा निळसर उजेड एकत्र आले की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेऱ्यात करायचा रंगांचा मेळ, कुठे ठेवायचा, अरुंद जागेत ३५ मिलिमीटरच्या लेन्सने कडा न वाकवता कसे काम करायचे, हे प्रश्न येतील. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपताना लेन्सचे छिद्र एफ/८ वर ठेवले, तरी फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा भाग, जेमतेम एक मिलिमीटर मिळते, तेव्हा घड्याळाचे चक्र स्पष्ट ठेवायचे की चिमट्याचे टोक, हा निर्णय घ्यावा लागेल.

या विषयालाही त्याचा ठरावीक साचा आहे आणि तो मी आधीच सांगून टाकतो: सुरकुतलेले हात, काळ्यापांढऱ्यात, कॉन्ट्रास्ट चढवून. अशा छायाचित्रांचा ढीग येणार, हे निश्चित. विषय जाहीर करतानाच संयोजकांनी स्पष्ट लिहावे की असे छायाचित्र संपूर्ण प्रदर्शनात एकच घेतले जाईल. म्हणजे उरलेल्यांना चेहरा, अवजार, जागा, उजेड, तुटलेली वस्तू किंवा ती परत न्यायला आलेला माणूस यांच्याकडे वळावे लागेल.

विषय कोणताही ठरो, एका अटीवर मात्र मी अडून राहीन: विषय जाहीर झाल्याच्या तारखेनंतर काढलेलीच छायाचित्रे स्वीकारावीत आणि त्यासाठी किमान सहा-आठ महिने द्यावेत. डिजिटल फाइलमध्ये तारीख नोंदलेली असते, त्यामुळे पडताळणी अवघड नाही. फिल्मवर काम करणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा. या अटीला ज्येष्ठ सभासदांचा विरोध होतो, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या मेहनतीचा साठा त्यामुळे निरुपयोगी ठरतो. त्यांच्या साठ्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र त्यासाठी ‘सभासदांची निवडक छायाचित्रे’ असे सरळ नाव देऊन, कोणताही विषय न लावता, वेगळे प्रदर्शन भरवावे. त्यात कमीपणा काहीच नाही. साठ्यातली छायाचित्रे काढून त्यांवर विषयाची पाटी लावणे, हे मात्र प्रेक्षकाशी पुरेसे प्रामाणिक नाही. शिवाय गेल्या वर्षी ग्रुपमध्ये आलेला, फक्त मोबाइल वापरणारा सभासद आणि तीस वर्षांचा अनुभवी सभासद या अटीमुळे निदान एका रेषेवरून निघतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेलच्या छायाचित्रातून इंचाला ३०० ठिपके धरले तरी साधारण १३ × १० इंचांची स्वच्छ प्रिंट निघते, आणि सगळ्या प्रिंट १२ × १८ इंचांच्याच असाव्यात, हा स्पर्धांमधून आलेला आग्रह प्रदर्शनात धरण्याचे कारण नाही. घड्याळाचा स्क्रू लहान प्रिंटमध्ये, जवळ जाऊन पाहण्यासारखा असावा आणि कोसळलेला पूल पुन्हा उभा राहत असेल तर तो मोठा असावा.

विषयाची निवड मतदानाने करू नये, असे मला वाटते. ज्याला विषय सुचवायचा आहे, त्याने त्यावर नव्याने काढलेली, एकमेकांसारखी नसलेली तीन छायाचित्रे घेऊन बैठकीला यावे. तीन जमली नाहीत, तर तो विषय तिथेच मागे पडेल. जमली, तर चर्चा निदान भिंतीवर दिसणाऱ्या गोष्टींबद्दल होईल. शेवटचा निर्णय आणि पुढे छायाचित्रांची निवडही एक-दोघांकडेच सोपवावी, आणि त्यांनी त्या वर्षी स्वतःची छायाचित्रे देऊ नयेत. दुखावणारे दुखावतील, पण दर वर्षी प्रत्येकाचे किमान एक छायाचित्र लागलेच पाहिजे, या नियमामुळे प्रेक्षकांची किती परीक्षा पाहिली जाते, याचाही कधी तरी विचार व्हावा.

फोटोओळींविषयी एकच सांगतो: छायाचित्राखाली कवितेची ओळ लिहिण्याची पद्धत या वेळी तरी बंद करावी. कोणती वस्तू, काय बिघडले होते, दुरुस्त झाली की नाही आणि करणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नाव, एवढे पुरे. दुरुस्त न झालेल्या वस्तूंची छायाचित्रेही जरूर लावावीत.

आपल्याकडेही एक मागणे आहे. प्रदर्शनाची बातमी देताना उद्घाटकाचे नाव, छायाचित्रांची संख्या आणि प्रदर्शनाची वेळ आपण आवर्जून देता. त्याबरोबरच आपल्या प्रतिनिधींनी संयोजकांना आणखी दोन प्रश्न विचारावेत: विषय कधी जाहीर केला होता, आणि भिंतीवरची किती छायाचित्रे त्या तारखेनंतर काढलेली आहेत? ही उत्तरे छापून येणार आहेत, असे कळले, तर पुढच्या वर्षीच्या विषयाची बैठक पुष्कळ आधी बोलावली जाईल, असा माझा अंदाज आहे.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार